फायनलपुरतं एक इंजेक्शन

"डॉक्टर, फायनलपुरतं एक इंजेक्शन द्या. नंतर तुम्ही सांगाल तेवढा आराम करतो."

रानशेत आणि आसपासच्या पाड्यांवरच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. एकदा मी ते मान्यही केलं होतं. आजचा लेख त्या एका इंजेक्शनबद्दल आहे. ज्या खेळाडूची ही गोष्ट आहे, त्याला विचारूनच लिहितो आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. "नाव नका लिहू, पण गुडघ्याचं सगळं लिहा," असं तो म्हणाला.

तुमच्या घरात कुणी कबड्डी, कुस्ती, खो-खो किंवा फुटबॉल खेळत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. आणि तुमच्या गावात मंडळ असेल, तर मंडळाच्या पोरांनाही वाचून दाखवा.

हे करिअर असतं तरी कसं?

टीव्हीवर दिसणारी कबड्डी तुम्हाला माहीत आहेच. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या खेळात पहिल्यांदाच मोठा पैसा आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात ३६ लाखांच्या आसपास गेला आणि पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाखांना. मुंबईचा रिशांक देवाडिगा एकेकाळी हॉटेलात काम करायचा. २०१८ मध्ये त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. हे आकडे आमच्याकडच्या मुलांना तोंडपाठ आहेत.

पण तिथपर्यंतची शिडी बरीच लांब आहे. आधी शाळेचा किंवा आश्रमशाळेचा संघ, मग गावचं मंडळ. भातकापणी उरकली की पावसाळ्यापर्यंत रात्रीचे सामने चालतात. चांगला खेळणाऱ्याला दुसरी मंडळं पैसे देऊन आपल्याकडून उतरवतात. त्यातून तालुका, जिल्हा, राज्य निवड चाचणी. त्यानंतर एखाद्या कंपनीच्या, बँकेच्या, पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या संघात नोकरी. खरं सांगायचं तर बहुतेक कबड्डीपटूंचं स्वप्न कोटीच्या बोलीचं नसतं, या नोकरीचं असतं. कारण खेळण्याची वर्षं थोडी असतात आणि नोकरी निवृत्तीपर्यंत पुरते. लीगच्या लिलावापर्यंत पोचणारे मोजकेच. बाकीचे शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर असतात, आणि तिथे ना करार असतो, ना विमा, ना संघाचा डॉक्टर.

माझा हा रुग्ण असाच मधल्या पायरीवर होता. वय २३. दिवसा चिकूच्या वाडीत रोजावर काम, संध्याकाळी सराव. चढाईपटू, पायात जबरदस्त वेग. त्या हंगामात तो तीन वेगवेगळ्या मंडळांकडून पैसे घेऊन खेळला होता. एका कंपनीच्या संघाचे लोक फायनल बघायला येणार, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

"कट्" असा आवाज

चैत्राचे दिवस होते. महालक्ष्मीच्या जत्रेची गडबड सुरू होती. सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मित्राच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडे आला. चढाई करून परत फिरताना कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा घोटा धरला. पाऊल मॅटवर रुतलेलं होतं आणि अंग मध्यरेषेकडे वळलेलं. गुडघ्यात "कट्" असा आवाज झाला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला.

इथे थोडं थांबून गुडघ्याच्या आत काय असतं ते बघू.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवायला चार मुख्य लिगामेंट असतात. चार मजबूत दोऱ्या समजा. त्यातली एक गुडघ्याच्या मधोमध तिरपी जाते. तिला आम्ही एसीएल म्हणतो. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा सटकू न देणं, हे तिचं काम. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. धक्का झेलणं आणि वजन पसरवणं हे त्यांचं काम.

पाऊल जमिनीला घट्ट आणि शरीर वळलेलं, ही एसीएल तुटायची नेमकी स्थिती. कबड्डीत ती प्रत्येक चढाईत येते. मातीवर पाऊल थोडं घसरतं, म्हणून काही वेळा पीळ सुटतो. मॅटवर बुटाची पकड पक्की असते, त्यामुळे सगळा पीळ गुडघ्यात जातो.

आता हे लक्षात ठेवा. आवाज आल्यासारखं वाटणं, काही तासांत मोठी सूज येणं आणि पाय टेकल्यावर "गुडघा माझा नाहीच" असं वाटणं, या तीन गोष्टी एकत्र असतील तर उलट सिद्ध होईपर्यंत ती लिगामेंटची दुखापत समजावी.

मी काय केलं

मी एक्स-रे काढून आणायला सांगितलं. हाड व्यवस्थित होतं. मी त्याला म्हणालो, "हाड मोडलेलं नाही." त्याने ऐकलं, "काही झालेलं नाही."

चूक त्याच्या ऐकण्यात नव्हती, माझ्या सांगण्यात होती. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, लिगामेंट आणि गादी दिसत नाही. लिगामेंटसाठी डॉक्टरांनी हाताने तपासावं लागतं आणि गरज पडली तर एमआरआय करावा लागतो. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यात पहिल्या दिवशी ही तपासणी नीट होत नाही, म्हणून सूज उतरल्यावर पुन्हा बोलवून तपासायचं असतं. हे मला माहीत होतं. पण बाहेर रांग होती, मी क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या लिहिल्या आणि "तीन आठवडे आराम" म्हणालो.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. सूज अर्धी उतरली होती. चालत होता. म्हणाला, "आता बरं आहे. फायनलपुरतं एक इंजेक्शन द्या."

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "ते लोक एकदाच येणार आहेत, डॉक्टर. आणि तीन आठवडे आराम करायचा म्हणजे एकवीस खाडे. त्याचे पैसे कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इंजेक्शन दिलं.

दुखण्याचं इंजेक्शन काय करतं? शरीरात दुखणं आणि सूज निर्माण करणारी रसायनं कमी करतं. तुटलेल्या दोरीला ते हातही लावत नाही. दुखणं म्हणजे गुडघ्याने "थांब" म्हणून मारलेली हाक असते. इंजेक्शनने हाक बंद होते, बिघाड तसाच राहतो. शिवाय ही औषधं वारंवार आणि पुरेसं पाणी न पिता घेतली, तर मूत्रपिंडांवर आणि जठरावर परिणाम होतो. उन्हात काम करून संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाला हा धोका जास्त.

पहिल्या डावात तो छान खेळला. दुसऱ्या डावात उडी मारून उतरताना, कुणी हात लावलेला नसताना, गुडघा सटकला. ज्यांच्यासाठी तो खेळला, ते लोक सामना संपायच्या आत निघून गेले होते.

दोन महिन्यांनी एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेली आणि आतली गादी फाटून दुमडलेली. पहिल्या दुखापतीत गादी शाबूत होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण एसीएल नसलेल्या गुडघ्यावर खेळत राहिलं की गादीचे तुकडे होतात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नऊ महिने कशासाठी?

तुटलेली एसीएल बहुतेक वेळा पूर्वीसारखी जुळून येत नाही. ज्यांना वळण्या-उडण्याचे खेळ खेळायचे नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांचं नियमित व्यायामावर भागतं. म्हणजे प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. पण कबड्डीत परतायचं असेल, किंवा रोजच्या कामात गुडघा सटकत असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. बहुधा त्याच माणसाच्या मांडीमागचा एक स्नायुबंध काढून त्याची नवी दोरी बसवतात.

टाके आठ-दहा दिवसांत बरे होतात. माणूस काही आठवड्यांत कुबड्यांशिवाय चालायला लागतो, तीन-चार महिन्यांत पळायला लागतो. आणि इथेच फसतो. आत बसवलेल्या दोरीत नवा रक्तपुरवठा यायला आणि तिचं खऱ्या लिगामेंटसारखं रूपांतर व्हायला बरेच महिने लागतात. मधल्या काळात काही आठवडे ती दोरी बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. दुखत नाही, सूज नाही, पण आतून कच्ची. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणून नऊ महिने ही किमान मुदत आहे आणि तेवढीही पुरेशी नाही. एका पायावर लंगडी उडी मारली तर ती चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के जायला हवी, मांडीची ताकदही तेवढीच हवी, गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि सरावानंतर सूज येता कामा नये.

पवन सेहरावतचं उदाहरण मी मुलांना सांगतो. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. तो अख्खा हंगाम बाहेर बसला. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता. त्याच महिन्यात लिलावात त्याच्यावर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. म्हणजे एसीएल किंवा गुडघ्याची मोठी दुखापत झाली की करिअर संपलं, हे खरं नाही. करिअर बऱ्याचदा त्यानंतरच्या घाईत संपतं.

पण हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात, "तो पवन आहे, डॉक्टर." त्यांचं बरोबर आहे. त्याच्यामागे फिजिओ होता, तज्ज्ञ सर्जन होता, नाव होतं. माझ्या रुग्णाच्या मागे चिकूच्या वाडीतला रोज होता, आणि तो गेलं तरच मिळायचा.

खाड्याचा प्रश्न जुना आहे

या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. मग रग्बीबद्दल वाचताना एक गोष्ट हाती लागली. रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे. त्यातले धिप्पाड फॉरवर्ड खेळाडू समोरच्याच्या अंगावर थेट धावून जातात आणि धावून येणाऱ्याला धरून पाडतात. आपल्या पकडीसारखंच. हा खेळ जन्मला तोच खाड्याच्या भांडणातून.

इंग्लंडच्या उत्तर भागात खाणीत आणि गिरण्यांत काम करणारे मजूर रग्बी खेळायचे. सामन्यासाठी पाळी चुकवली की मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं, बुडालेली मजुरी आम्ही भरून देऊ. वरची संघटना म्हणाली, खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. खाड्याची भरपाई दिवसाला ६ शिलिंगपर्यंत देता येईल असं त्यांनी ठरवलं. पुढे त्यातूनच रग्बी लीग तयार झाला.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या खाणमजुराला जो प्रश्न पडला, तोच माझ्यासमोर बसलेल्या मुलाने विचारला होता. "आराम करा" हा सल्ला डॉक्टर फुकट देतो, पण तो पाळायला पैसे लागतात. हे लक्षात न घेता दिलेला सल्ला कागदावरच राहतो. म्हणून आता मी अशा रुग्णाला विचारतो: घरात कमावणारं कोण आहे? बसून करण्यासारखं काम मालक देईल का? मंडळ काही मदत करेल का? हे प्रश्नही माझ्या तपासणीचाच भाग आहेत.

खर्चासाठी आणखी एक गोष्ट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे तारीख घेण्याआधी त्यांना विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या.

गुडघा मुरगळला तर काय कराल

पहिले दोन-तीन दिवस:

- खेळ तिथेच थांबवा. "दोन चढाया करून बघतो" नको.
- फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.
- क्रेप बँडेज बांधा, पण बोटं बधिर किंवा निळी पडतील इतकं घट्ट नको.
- झोपताना पायाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवा.
- शेक, मालिश, ओढून बसवणं आणि दारू या चारही गोष्टी टाळा. त्यांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. मालिश करणाऱ्या जाणत्या माणसांचा मी अनादर करत नाही, पण ताज्या सुजलेल्या गुडघ्यावर तो इलाज नाही.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर:

- काही तासांत मोठी सूज आली,
- पायावर चार पावलंही टाकता येत नसतील,
- गुडघा अडकून बसला असेल, सरळ होत नसेल,
- पाऊल थंड किंवा बधिर पडलं असेल.

आणि एक्स-रे चांगला आला तरी, सूज उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घ्या. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "लिगामेंट तपासलं का?" आम्हाला असं विचारलेलं चालतं. माझ्या रुग्णाने तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण ते विचारण्याची वेळ त्याच्यावर यायलाच नको होती.

दुखापत टाळायचीही सोय आहे. फुटबॉलसाठी तयार केलेला "फिफा ११ प्लस" हा २० मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला, तर दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होतात असं दिसलं आहे. त्यातले एका पायावर तोल सांभाळणं, बैठका, उडी मारून गुडघे आत न वळू देता उतरणं हे व्यायाम कबड्डीतही उपयोगी आहेत. त्याला साहित्य लागत नाही. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतं, म्हणून आश्रमशाळांतल्या मुलींच्या संघांनी हे नक्की करावं.

डोक्याला मार लागला तर नियम आणखी कडक. गरगरणं, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं वाटणं, काही आठवत नसणं, यातलं काहीही झालं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, बेशुद्ध पडला नसला तरीही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा यापैकी काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. पुन्हापुन्हा डोक्यावर धक्के बसले की मेंदूचा कायमचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर असा आजार आढळल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

आता तो काय करतो

त्याचं ऑपरेशन दुखापतीनंतर आठ महिन्यांनी झालं. गादीचा बराचसा भाग काढावा लागला. तो पुन्हा खेळला, पण तो वेग परत आला नाही, आणि कंपनीच्या संघाचं बोलावणंही आलं नाही. अशा दुखापतीनंतर दहा-वीस वर्षांत साधारण निम्म्या लोकांच्या गुडघ्यात झीज दिसते. त्याला आत्ताच जिना उतरताना दुखतं. वजन वाढू न देणं आणि मांडीचे व्यायाम, एवढंच आम्ही दोघं करू शकतो.

मी एकदा त्याला म्हणालो, "ते इंजेक्शन मी द्यायला नको होतं." तो म्हणाला, "तुम्ही नसतं दिलं तर मी दुसरीकडून घेतलं असतं." कदाचित खरं असेल. पण त्याने माझी जबाबदारी कमी होत नाही.

आता तो गावातल्या मुलामुलींना शिकवतो. त्याच्या मंडळाने एक नियम केला आहे. जिंकलेल्या प्रत्येक बक्षिसातला एक हिस्सा बाजूला ठेवायचा आणि दुखापत झालेल्याला त्यातून खाड्याचे पैसे द्यायचे. रक्कम मोठी नसते. पण मागच्या हंगामात दोन मुलं त्या पैशांवर घरी बसली आणि दोघांचेही गुडघे वेळेवर तपासून झाले.

परवा तो एका मुलीला मोटारसायकलवर घेऊन आला. गुडघ्याला फडक्यात बांधलेला बर्फ होता. मी तपासत असताना तिने विचारलं, "डॉक्टर, रविवारी फायनल आहे. एखादं इंजेक्शन...?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "नाही. आणि तुझ्या बाबांशी मी बोलतो."

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाची दुखापत वेगळी असते. उपचारांसाठी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.*